आग्रहाचं इन्सुलिन

देवदत्त पिंपळखुटेची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी रायपूरचा सदर बाजार बंद पडला. संप नव्हता, मोर्चा नव्हता, कुणी मोठा माणूस येणार नव्हता. देवदत्त आंब्याचा ज्यूस पीत होता.

सदर बाजारात रस्ता असा नाहीच. दोन्ही बाजूंच्या सराफांनी आणि कापडवाल्यांनी आपापल्या पायऱ्या पुढे सोडल्यावर मधे जी फट उरते, तिला आपण रस्ता म्हणतो. त्या फटीतून अर्ध्या रायपूरच्या स्कूटी एकमेकींना खांदे घासत वाहत असतात. अशा ऐन वाहत्या गर्दीच्या मध्यावर एका किडकिडीत पोराने आपली स्कूटी आडवी लावली, स्टँडवर चढवली, डिकीतून ज्यूसचा पुडा काढला, त्याला नळी टोचली आणि डावा पंजा वर करून वाहतुकीला सांगितलं, "पंद्रह मिनट रुकिए."

पहिल्या मिनिटात त्याच्यामागे हॉर्नचा असा गजर झाला की सराफांच्या काचा थरथरून कपाटातल्या नथी आपोआप नाकं शोधू लागल्या. पाचव्या मिनिटाला गर्दी गोल बाजारापर्यंत तुंबली आणि तिथले भांडीवाले काय झालं ते बघायला हंड्यांच्या उतरंडीवर चढले. दहाव्या मिनिटाला सिलतऱ्याच्या कारखान्यांचे ट्रक अडकून लोखंड जागच्या जागी गार झालं म्हणतात. माझ्या मागे एक वरात अडकली होती. तिच्यातला नवरदेव गुळगुळीत दाढी करून निघाला होता, सुटला तेव्हा त्याला छातीपर्यंत दाढी होती, आणि त्याच्या घोडीला तिथेच, बनारसी साड्यांच्या दुकानासमोर, शिंगरू झालं. हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

मी त्या पोराच्या बरोब्बर मागे होतो. नागपूरहून बदली होऊन मला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा नव्या गावात पहिलं भांडण चांगलं व्हावं म्हणून मी हिंदीची जुळवाजुळव करत पुढे गेलो. त्याने नळी तोंडातून न काढता मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर अठ्ठावन्न हा आकडा आणि खाली तोंड केलेला एक बाण. शुगर उतरते आहे, असंच पुढे गेलो तर गाडीसकट कुणाच्या तरी दुकानात शिरेन, गोड प्यायलोय, पंधरा मिनिटांत वर येईल, असं त्याने मला हिंदीत अत्यंत सौजन्याने समजावलं. आणि मग मोबाइलकडे बघून स्वतःशीच पुटपुटला, "चढ ना बाबा आता, काहून अंत पाहून राहिला."

रायपूरच्या गर्दीत मराठी कानावर पडलं की माणूस आधी आडनाव विचारतो, मग मूळ गाव विचारतो, आणि मग भांडण पुढे चालू करतो. आमचं गाव निघाल्यावर त्याच्या आत्याचे दीर माझ्या मावसभावाचे शेजारी निघाले, आणि भांडण बारगळलं. तोवर बाण सपाट झाला. देवदत्तने पुडा चेपून खिशात घातला, मागच्या विश्वाला हात जोडले आणि निघून गेला.

पुढे ओळख वाढली तसं त्याचं चरित्र मला कळत गेलं. देवदत्त आणि छत्तीसगढ राज्य एकाच वयाचे. राज्य झालं त्याच महिन्यात हा रेल्वेच्या इस्पितळात जन्मला. वडील गंगाधरराव रेल्वेत पार्सल ऑफिसात, आई सरिताबाई. घर तात्यापाऱ्यात. ज्या मुलखाला लोक कौतुकाने धानाचा कटोरा म्हणतात, त्या मुलखात तो सकाळी भात, दुपारी भात आणि रात्री चव बदलायला तांदळाचा चिला, म्हणजे धिरडं, खाऊन वाढला. अकराव्या वर्षी तो एकाएकी पाणी प्यायला लागला. घरातला माठ, शेजारचा माठ, शाळेची टाकी, असं करत तो बुढा तालाबाच्या दिशेने निघणार इतक्यात त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, टाइप वन डायबिटिस. सगळं कुटुंब इमानेइतबारे साठीपर्यंत नोकरी करणारं, आणि या पोराच्या स्वादुपिंडाने अकराव्या वर्षीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. पेन्शनसुद्धा न मागता.

नातेवाईक जमले. कुणी म्हणालं लहानपणी बत्तासे फार खाल्ले, कुणी म्हणालं सरिताबाईंनी डोहाळ्यात बत्तासे फार खाल्ले. डॉक्टर सगळ्यांना परोपरीने सांगत होते की याचा बत्ताशांशी संबंध नाही, याच्या अंगात इन्सुलिन तयार होणं थांबलंय, ते बाहेरून द्यायचं आणि पोराने सगळं खायचं. यातलं 'बाहेरून द्यायचं' लोकांनी ऐकलं. 'सगळं खायचं' हे कुणीही ऐकलं नाही.

सगळ्यांत कमी ऐकलं ते वनमालाकाकूंनी.

वनमालाकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या, अनंतरावांच्या पत्नी. अनंतराव मंडळाचं अध्यक्षपद सांभाळत आणि काकू मंडळ सांभाळत. गणेशोत्सवातल्या महाप्रसादाची पंगत हे त्यांचं साम्राज्य. खाली बसून, पानावर, वाढप्यांनी वाकून वाढायचं. आणि आग्रह. काकूंच्या पंगतीत माणूस पोट भरल्यामुळे उठत नसे, उठवावा लागे. ताक मागणाऱ्याला जिलबी मिळे आणि पाणी मागणाऱ्याला मठ्ठ्यासोबत जिलबी मिळे. त्यांचा जीव फार मोठा होता आणि तो त्या पळीने वाढत असत.

अशा काकूंना कळलं की पिंपळखुट्यांच्या पोट्ट्याला शुगर झाली. त्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी त्याचं नाव भिंतीकडच्या पंगतीत घातलं.

भिंतीकडची पंगत म्हणजे मंडळातल्या शुगरवाल्या म्हाताऱ्यांची वेगळी रांग. तिथे कारल्याची भाजी, मेथीची भाजी, बिनसाखरेचं दही आणि सहानुभूती एवढंच वाढत. अकरा वर्षांचा देवदत्त तिथे सत्तरीच्या दोन आजोबांच्या मध्ये मांडी घालून बसू लागला. समोरच्या रांगेत त्याची शाळेतली दोस्त मंडळी जिलब्यांच्या पैजा लावत, आणि याच्या कानावर प्रोस्टेट, पेन्शन आणि कवळी हे विषय पडत. गुडघ्याचा वात कोणत्या तेलाने जातो हे त्याला बाराव्या वर्षी ठाऊक होतं. कालपरत्वे त्या रांगेतले आजोबा एकेक करून देवाघरी गेले, नवे आले, आणि विशीत पोचेपर्यंत देवदत्त भिंतीकडच्या पंगतीत वयाने सर्वांत लहान आणि सेवाज्येष्ठतेने सर्वांत वरिष्ठ झाला. नवा शुगरवाला आला की तोच त्याला जागा दाखवायचा.

त्याचं दुःख जिलबी मिळत नाही हे नव्हतं. जिलबी काय, तो घरी इन्सुलिन घेऊन खायचा. त्याचं दुःख त्याने मला एकदा स्कूटी दुरुस्त होत असताना फुटपाथवर बसून सांगितलं. "काका, मले आजवर कोणी आग्रह केला नाही. एकदाही. सगळे मले पाहून हळू आवाजात बोलतात."

मराठी माणसाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा वनवास मला सुचत नाही.

दरम्यान राज्याची राजधानी शहरातून हलून नवा रायपूरला गेली. प्रशस्त रस्ते, प्रशस्त इमारती, आणि त्या दोन्हींवर प्रशस्त कुणीच नाही. तिथल्याच एका खात्यात देवदत्त सहायक म्हणून लागला आणि थोड्याच दिवसांत त्यानेही आपल्या शरीरात तसाच बदल केला. स्वादुपिंड आतून बाहेर हलवलं. कमरेला काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा इन्सुलिन पंप, त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली, आणि दंडावर नाण्याएवढा सेन्सर. तो आधीपासूनच होता, सदर बाजारातला बाण त्याचाच. सेन्सर दर पाच मिनिटांनी शुगर मोजून मोबाइलला कळवतो, पंप थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडतो, आणि जेवायच्या आधी आपण काय किती खाणार ते पंपाला सांगितलं की तो तेवढ्याचं इन्सुलिन आगाऊ देतो. नव्या राजधानीसारखंच सगळं बाहेर, उजेडात आणि बॅटरीवर चालणारं.

तात्यापाऱ्यात बातमी पसरली की देवदत्तला पंप बसवला. अनंतरावांनी विचारलं, टुल्लू की सबमर्सिबल. एका मावशींना वाटलं बॅटरी संपली की पोरगा जागच्या जागी थांबेल, म्हणून त्या त्याला दिसेल तिथे चार्जर देऊ लागल्या. ऑफिसच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक रोज सकाळी नळी बघून विचारी की भैया ये क्या है, आणि देवदत्त रोज नवं उत्तर देई. सोमवारी रेडिओ, मंगळवारी हवामानखातं. मे महिन्यात रायपूरच्या घामाने सेन्सरचा चिकटपट्टा सुटायचा आणि एकदा तो बसमध्ये शेजारच्या बाईंच्या पदराला चिकटून माना कॅम्पपर्यंत गेला. वाटेत मोबाइल त्या बाईंची शुगर काही सांगेना, नुसताच 'सिग्नल नाही' म्हणून ओरडत राहिला.

पण मुख्य गोष्ट अशी की आता देवदत्त कुठेही, काहीही, सर्वांदेखत मोजूनमापून खाऊ शकत होता. आणि त्या वर्षी, गणपती महिन्यावर आलेले असताना, त्याने ठरवलं की यंदा भिंतीकडे बसायचं नाही. सरळ पंगतीत बसायचं. सगळ्यांसारखं पान, सगळ्यांसारखी जिलबी, आणि सगळ्यांसारखा आग्रह.

काकूंकडे जाताना त्याने मला वकील म्हणून सोबत नेलं. मंडळात माझ्याकडे तेव्हा सतरंज्यांचं खातं होतं, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं.

काकूंनी त्याला बघून नेहमीप्रमाणे आवाज खाली आणला आणि बिनसाखरेचा चहा आणायला उठल्या. देवदत्तने त्यांना हाताला धरून खाली बसवलं, त्यांच्याच डब्यातला बेसनाचा लाडू मागून घेतला, पंपाची बटणं दाबली, थोडं थांबून काकूंच्या डोळ्यांदेखत तो लाडू खाल्ला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. पडद्यावर एक ठिपक्यांची रेघ होती. ती थोडी चढली. काकूंनी देवाचं नाव घेतलं. ती थबकली. काकूंनी चष्मा पुसला. ती आली तशी खाली येऊन सपाट पडली. सीरियलची वेळ होऊन गेली तरी काकू मोबाइल सोडेनात. बाण आडवा म्हणजे ठीक, वर म्हणजे शुगर चढून राहिली, खाली म्हणजे उतरून राहिली, एवढं त्यांनी तेवढ्यात पाठ केलं, आणि आम्ही निघताना म्हणाल्या, यंदा तुझं पान सरळ पंगतीत, पांडुरंगाच्या रांगेत. पांडुरंग म्हणजे त्यांचा भाचा, जिलबीचा मुख्य वाढपी. त्याच्या रांगेतून आजवर कुणी स्वतःच्या पायांनी उठलेलं नव्हतं.

देवदत्त त्या दिवशी सदर बाजारातून स्कूटी न थांबवता गेला.

आता पंगतीचा अभ्यास सुरू झाला. पंपाला आधी सांगावं लागतं किती खाणार, आणि मराठी पंगतीत किती खाणार हे खाणाऱ्याच्या हातात नसतं. जगातल्या कुठल्याही कंपनीने पंप बनवताना आग्रहाचा विचार केलेला नाही. पण देवदत्तकडे भिंतीकडून केलेलं वर्षानुवर्षांचं निरीक्षण होतं. पक्षीनिरीक्षक झुडपाआडून जसा बगळ्यांचा अभ्यास करतो, तसा त्याने काकूंच्या वाढप्यांचा केला होता. त्याचं म्हणणं असं: पहिल्या फेरीत दोन जिलब्या न विचारता पडतात. दुसऱ्या फेरीत आपण पानावर आडवे हात धरून "नको, नको" म्हणायचं, म्हणजे एक पडते. तिसऱ्या फेरीत पान उचलून छातीशी धरायचं, म्हणजे एक पडते. मग काकू स्वतः येतात, त्यांच्या नावाची एक. मग अनंतरावांच्या नावाची एक. एकूण सहा. नवख्याला सहा, जावयाला नऊ. त्याने हलवायाकडून जिलब्या आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या, सहाचा हिशेब मांडला, वरणभाताचा त्यात मिळवला. "नको म्हणायचं विसरू नको," मी बजावलं. नको न म्हणता जिलबी घेणारा माणूस हावरट ठरतो, आणि पहिल्याच पंगतीत ते बरं दिसलं नसतं.

"हव," तो म्हणाला. इथे होकाराला हव म्हणतात.

महाप्रसादाच्या दिवशी तो नवीन झब्बा घालून आला. गोल बाजारातल्या शिंप्याकडून त्याने पंपासाठी आतून खास खिसा शिवून घेतला होता. शुगर उतरली तर लागतो तो ज्यूसचा पुडा मात्र बाहेर स्कूटीच्या डिकीत होता. साहजिक आहे. समुद्रावर निघालेला माणूस घरून मीठ बांधून घेत नाही.

सरळ पंगतीत, माझ्या डाव्या हाताला, तो बसला. समोर केळीचं पान. त्याने एकदा भिंतीकडे बघून जुन्या सहकाऱ्यांना नमस्कार केला. वरणभात वाढायला लागला तेव्हा त्याने झब्ब्यात हात घालून पंपाला सहा जिलब्या आणि भात सांगितला. पंपाने इन्सुलिन सोडलं. ते सोडलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही, जसं अनंतरावांना सुरू झालेलं भाषण परत घेता येत नाही. आणि नेमके त्याच क्षणी अनंतराव दोन शब्द बोलायला उभे राहिले. दोन शब्दांत मंडळाचा स्थापनेपासूनचा इतिहास, सभागृहाचं गळकं छत आणि नव्या पिढीचं हिंदी हे सगळं आलं. मग श्लोक झाला. मग भात. इन्सुलिन आत आपल्या कामाला लागलं होतं.

मग पांडुरंग जिलबीची परात घेऊन आला. माझ्या पानात दोन टाकल्या. देवदत्तच्या पानात एक टाकली. मला वाटलं दुसरी निसटली असेल. देवदत्तने प्रथेप्रमाणे दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि लाजत म्हणाला, "नको, नको."

पांडुरंग म्हणाला, "बरं."

आणि पुढे गेला.

त्या मंडळाच्या पंगतीत हा शब्द आधी कुणी ऐकला नव्हता. आमच्या समोरच्या गृहस्थांचा घास हातात राहिला. देवदत्तने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी धीर दिला, अजून दोन फेऱ्या आहेत. दुसऱ्या फेरीला त्याने हात आडवे धरले पण बोटांत मुद्दाम ऐसपैस जागा ठेवली, दोन जिलब्या जातील एवढी, आणि नको इतकं हळू म्हणाला की ते हो सारखं ऐकू यावं. पांडुरंग नजर चुकवून गेला. तिसऱ्या फेरीला त्याने पान छातीशी धरलं नाही, उलट पुढे सरकवलं. पांडुरंगाने ते ओलांडून मला वाढलं.

आता पंगतीचा कायदा असा की आपल्या पानात जिलबी मागायची नसते. शेजारच्याने 'यांना वाढा' म्हणायचं असतं. मी म्हटलं, "पांडुरंग, यांना वाढा."

"काकूंनी मना केलं," पांडुरंग वाकून माझ्या कानात म्हणाला.

तेव्हा उलगडा झाला. सकाळी पूजा करताना काकूंचं मन घाबरलं होतं. पोरगा सरळ पंगतीत बसवला, पण आपल्या माणसांच्या आग्रहात तो वाचायचा नाही, हे त्यांना सगळ्यांत चांगलं माहीत होतं. त्यांनी वाढप्यांना गाठून सांगितलं, एक जिलबी वाढा, आणि पोट्टा नको म्हणाला की लगेच पुढे सरका. सगळं मायेपोटी.

देवदत्तच्या कपाळावर घाम आला. त्याने झब्ब्यातून मोबाइल काढला. बाण खाली. इन्सुलिन सहा जिलब्यांचं, पोटात जिलबी एक. आणि मग त्याचा खिसा वाजायला लागला. टी टी टी टी. पंपाचा अलार्म.

सभागृहात एकदम धावपळ. पोराची शुगर वाजून राहिली म्हणून बायका उठल्या. ज्याला जे गोड दिसलं ते त्याने देवदत्तपासून लांब नेलं. कुणी त्याच्या पानातली लोणच्याची फोडसुद्धा उचलली, तिच्यात गूळ होता म्हणून. भिंतीकडच्या पंगतीतून एक आजोबा आपलं कारलं घेऊन मदतीला धावले. काकू पदर खोचून आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. त्यांनी खबरदारी म्हणून सकाळीच कारल्याचा रस काढून ठेवला होता.

देवदत्तने माझ्या पानाकडे बघितलं. माझ्या चार जिलब्या संपत आल्या होत्या. अर्धी उरली होती, उष्टी. त्याने ती उचलून तोंडात टाकली. दुसऱ्याच्या पानातलं उष्टं. दोन बायकांनी डोळ्यांवर पदर घेतला. मग तो पंगत सुटायच्या आधी पानावरून उठला, हा दुसरा गुन्हा, आणि पाय लटपटत असताना स्वयंपाकघराकडे धावला. काकू वयाच्या मानाने चपळ. त्या त्याच्या आधी दारात पोचल्या आणि पेल्यासकट चौकट अडवून उभ्या राहिल्या.

"काकू, पाक द्या," देवदत्त म्हणाला. "जिलबीचा पाक. वाटीभर."

काकूंच्या हातातला पेला हिंदकळला. चांगली ठणठणीत माणसंही पाक पीत नाहीत. "काहून रे पोट्ट्या, तुही शुगर एवढी बोंबलून राहिली अन् तू पाक मागून राहिला?"

"ती कमी झाली म्हणून बोंबलून राहिली, काकू. वाढली म्हणून नाही." आणि त्याने मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "बाण पाहा."

काकूंनी चष्मा वर सरकवला. खाली तोंड केलेला बाण. लाडवाच्या दिवशी सीरियल सोडून त्यांनी जे पाठ केलं होतं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. कारल्याचा पेला त्यांनी अनंतरावांच्या हातात दिला, अनंतरावांनी गोंधळात तो पिऊन टाकला, आणि काकूंनी पातेल्यातून पळीभर पाक घेऊन स्वतःच्या हाताने देवदत्तच्या तोंडाला लावला. मग दुसरी पळी. झब्ब्यावर पाक सांडला, पंपाच्या नळीला पाक लागला, मुंग्यांनी त्याची दखल घेतली.

मग पंधरा मिनिटं. आख्खं मंडळ उष्ट्या हातांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं. हातांवरचा वरणभात वाळून पापुद्रे सुटले. मोबाइल काकूंकडे. दर पाच मिनिटांनी त्या आकडा मोठ्याने सांगत आणि मागची माणसं तो आणखी मागे सांगत, क्रिकेटच्या स्कोअरसारखा. बाण तिरपा झाला. मग आडवा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"पण काकू," देवदत्त खाली पाटावर बसून म्हणाला, "इन्सुलिन अजून अंगात आहे. बाकीच्या जिलब्या खाव्या लागतील, नाही तर परत उतरंल."

काकूंनी पान मागवलं. स्वयंपाकघरातच, चुलीशेजारी. त्यांनी स्वतः वाढलं. दुसरी. तिसरी. पाक आधीच पोटात गेला होता, त्यामुळे देवदत्तने मनातल्या मनात पुन्हा हिशेब मांडला आणि पाचवीनंतर पानावर हात आडवे धरले. "बास, काकू. झालं."

"माह्या नावाची एक."

"खरंच नको. हिशेब पुरा झाला."

"हिशेब गेला चुलीत," काकू म्हणाल्या. "मी वाढून राहिले. मले नाही म्हणतो?" आणि त्याची बोटं बाजूला सारून त्यांनी जिलबी पानात टाकली. एवढंच नाही, तर अनंतराव कारल्याने तोंड कडू करून उभे होते, त्यांच्या नावाचीही अर्धी टाकली.

देवदत्त त्या दीड जिलबीकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. धुराने म्हणावं, तर चूल गॅसची होती. मग त्याने पाकाने चिकट झालेली पंपाची बटणं दाबली, दीड जिलबीचं इन्सुलिन घेतलं आणि दोन्ही सावकाश खाल्ल्या.

त्या दिवशी संध्याकाळी तो मला स्कूटीवरून घरी सोडायला आला. सदर बाजारातून जाताना लोक ओरडत होते, हॉर्न वाजत होते, आणि हा गाणं गुणगुणत होता. आता दरवर्षी सरळ पंगतीत, तो म्हणाला. पुढल्या खेपेला आठचा हिशेब धरीन.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. झाल्या प्रकाराने अनंतराव हादरले होते. आग्रह केला तरी पंचाईत आणि न केला तरी पंचाईत, तेव्हा ती जबाबदारी मंडळाने घेऊ नये, असं त्यांनी मांडलं. देवदत्त विरोधात बोलला. काकूही बोलल्या. मीही बोललो, आणि माझं सतरंज्यांचं खातं त्याच बैठकीत बंद झालं.

तेव्हापासून महाप्रसादाला बुफे असतो. जिलबी माणशी दोन.